पळायला डोंगर हवाय, पण कुठला?

"ताई, मी डोंबिवलीत राहते, वय 43. सहा वर्षं पळतेय. हाफ मॅरेथॉन दोन तास वीस मिनिटांत होते. पण आता डांबर, हॉर्न आणि धूळ यांचा वीट आलाय. गेल्या जानेवारीत एका ग्रुपबरोबर किल्ल्याच्या वाटेवर पळायला गेले. पहिल्याच चढाला धाप लागली, बाकीचे पुढे निघून गेले. उतरताना पाय लटपटत होते आणि पुढचे चार दिवस घरचा जिना कठडा धरून उतरले. नवरा म्हणतो, आता या वयात हे कशाला? मला झाडीतून, दरीच्या कडेने पळायचंय. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घालायचंय. आपल्या भागातल्या चांगल्या वाटांची यादी द्याल का? आणि खरं सांगा, मला उशीर झालाय का?"
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रीण,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं पत्र त्याच्याच भोवती फिरतंय. उशीर झालेला नाही. मी बदलापूरची, डोंगरात पळायला लागले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती, आणि पहिल्या उतारानंतर माझीही तुमच्यासारखीच गत झाली होती. माझ्या घरात तर कठडाही नव्हता, भिंतीला धरून उलटी उतरायचे.

त्या चार दिवसांचा वयाशी फारसा संबंध नाही. चढताना दम जातो, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो. सपाट रस्त्यावर सहा वर्षं पळूनही या कामाची त्याला सवय होत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. विशीतल्या मुलांनाही लागतो. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एकदा असं दुखून गेलं की स्नायू ते लक्षात ठेवतो. पुढच्या काही आठवड्यांत तसाच उतार पुन्हा उतरलात तर त्रास बराच कमी होतो. तुम्ही जानेवारीनंतर परत गेलाच नाहीत, त्यामुळे हा फायदा हातचा गेला. तेवढंच चुकलं.

आता यादीचं. ती मी देणार नाही, रागावू नका. तुमच्यासारखी पत्रं येतात तेव्हा मी पूर्वी दहा-दहा वाटा लिहून पाठवायचे. नंतर कळायचं की लोक प्रत्येक रविवारी नवी जागा गाठतात, प्रत्येक ठिकाणी वाट शोधण्यात आणि फोटो काढण्यात वेळ जातो, आणि वर्षअखेर एकाही डोंगराशी ओळख झालेली नसते. डोंगरात पळणं जमतं ते ओळखीमुळे. कुठला दगड हलतो, कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठे चढ संपला असं वाटतं आणि संपलेला नसतो, हे पायांना माहीत झालं की मन मोकळं होतं आणि मग आजूबाजूची झाडी दिसायला लागते. म्हणून एकच वाट सांगते. वर्षभर तिच्यावरच जा.

ती वाट माथेरानची.

तुम्ही म्हणाल, माथेरान म्हणजे सहलीचं ठिकाण, घोडे आणि चिक्की. हो, बाजारात तसंच आहे. पण डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की पाऊण-एक तासात नेरळ येतं, तिथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरलं की पुढे मोटारगाडीला बंदी. आता ई-रिक्षा आल्यात, त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, पण त्या सोडल्या तर मागून हॉर्न मारत कोणी येत नाही. पळणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. 2003 मध्ये केंद्र सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. माथ्यावर आठशे मीटर उंचीवर दाट झाडी टिकून आहे: जांभूळ, अंजनी, हिरडा. कडक उन्हाळ्यातसुद्धा सकाळी साडेआठपर्यंत वाटेवर सावली असते. आणि सुरुवात करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथले चढ छोटे आहेत. डोंगर चढण्याचं काम टॅक्सीने केलेलं असतं. वर फक्त उंचसखल वाट, चार मिनिटं चढ, पाच मिनिटं उतार, परत थोडा चढ. किल्ल्यावर तुम्हाला एका दमात जे घोटवलं गेलं, ते इथे घोटाघोटाने मिळतं.

एक सूचना लगेच देते. नेरळ ते दस्तुरी हा घाटरस्ता पळत चढायच्या मोहात पडू नका. चढ खडा आहे, वळणं आंधळी आहेत, आणि टॅक्सीवाले खेपा मारण्याच्या घाईत असतात. तसंच छोट्या गाडीच्या रुळांवरूनही कधी पळू नका. 1907 पासून नेरळहून वर येणारी ती दोन फुटी रुळांची गाडी बघायला गोड आहे, पण खडी आणि स्लीपर यांच्यावर घोटा मुरगळायला क्षण पुरतो, आणि ती रेल्वेची हद्द आहे.

आता वाट. दस्तुरीला प्रवेशकर भरून निघालात की अमन लॉज स्टेशनाच्या बाजूने बाजाराकडे जाणारा अडीच किलोमीटरचा रस्ता आहे. हा अंग गरम करायचा भाग, इथे वेगाचं नावसुद्धा काढू नका. काही टप्प्यांत मातीचे पेव्हर ब्लॉक बसवलेत, ते दवाने ओले असले की घसरतात. त्यांच्या कडेची माती बरी. बाजार मागे टाकून शार्लोट लेककडे वळलात की खरी वाट सुरू होते. लाल मातीची, कधी गाडीवाटेइतकी रुंद, कधी दोन माणसांपुरती. मुळं वर आलेली असतात, साखळदंडासारखी आडवी. तळ्याकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. तिथे दोन मिनिटं थांबायचा माझा रिवाज आहे. तळ्याचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यात हातपाय धुवायला उतरू नका.

पुढे इको पॉइंटवरून लुइझा पॉइंटकडे जा. हा पश्चिमेचा कडा. झाडीतून एकदम उजेडात येता आणि समोर दरी उघडते, पलीकडे प्रबळगडाचा सपाट माथा. नोव्हेंबरात सकाळी दरीत धुकं भरलेलं असतं आणि प्रबळगड त्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो. इथे पळू नका. कड्यापासून पंचवीस-तीस पावलं आधीच चालायला लागा. कडेला सुटे खडे असतात आणि नजर समोर खिळलेली असते, हे दोन्ही एकत्र येऊ द्यायचं नाही. पोटभर बघा, पाणी प्या, आणि त्याच वाटेने परत फिरा. गोल फेरी मारायचा प्रयत्न पहिल्या दोन-तीन महिन्यांत नको. माथेरानात फाटे इतके आहेत की मी एकदा अलेक्झांडर पॉइंट शोधत तीन वेळा एकाच चहाच्या टपरीसमोर आले होते.

या सगळ्याला किती किलोमीटर? घड्याळ जे दाखवेल त्याच्यावर विसंबू नका. दाट झाडीखाली आणि नागमोडी वाटेवर जीपीएस चुकतं, आणि तुमचा रस्त्यावरचा वेग इथे काही कामाचा नाही. डोंगरात मिनिटं मोजायची. शंभर मीटर चढ म्हणजे साधारण एक किलोमीटर जादा, असा ढोबळ हिशेब पळणारे धरतात, पण मी तोही सोडून दिलाय. पहिल्या वेळी पंचावन्न मिनिटं जा आणि फिरा, पोहोचाल तिथून. लुइझा आला नाही तरी फिरा.

पहिली फेरी तर मी म्हणते, पूर्ण चालतच करा. रागाने नव्हे, बघत बघत. दुसऱ्या फेरीला सपाट भाग पळा, चढ चाला, उतारही चाला. तिसऱ्या फेरीपासून उतार पळायला घ्या. चढ मात्र पुढचे कित्येक महिने चालत गेलात तरी काही बिघडत नाही. बोलता येत नाही इतका दम लागला की चालायचं, हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकायचे आणि रेटायचं. मोठमोठ्या डोंगरी शर्यतींत पहिले येणारेही खड्या चढावर चालतात. तुमच्या त्या ग्रुपमध्ये हे कोणी सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. नव्या माणसाला मागे एकटं सोडून पुढे जाणारा ग्रुप कितीही वेगवान असो, त्याच्याबरोबर परत जाऊ नका.

उतरण्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुमची अडचण तिथेच आहे. घाबरलेला माणूस उतारावर मागे रेलतो. तुम्हीही रेलला असणार. मागे रेललं की पाय पुढे लांब पडतो, टाच आधी आपटते, सगळा भार गुडघ्यावर आणि मांडीवर येतो, आणि ओल्या मातीवर ती टाचच आधी घसरते. त्याऐवजी पावलं लहान करा, इतकी लहान की तुम्हाला लाज वाटेल. पटपट, हलकी, जणू तापलेल्या गच्चीवरून अनवाणी चाललाय. गुडघे किंचित वाकलेले. हात कमरेपाशी न बांधता थोडे बाहेर सोडा, तोल सांभाळायला. नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढे. पायाखालचा दगड तुम्ही दोन सेकंदांपूर्वी पाहिलेला असतो, पाय त्याला लक्षात ठेवतात. शार्लोट लेकच्या अलीकडे एक छोटा उतार आहे, शंभरेक पावलांचा. मी तिथे पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक फेरीला चार-पाच वेळा वरखाली करायचे. घोडेवाले हसायचे. नंतर त्यांच्यातलाच एक म्हणाला, "ताई, आमचं नवं घोडंपण अस्संच शिकवतो, बारक्या उतारावर."

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर. समोरून घोडा आला की पळणं थांबवा आणि डोंगराच्या बाजूला, दरीच्या नव्हे, उभ्या राहा. मागून जात असाल तर आधी आवाज द्या, घोडेवाल्याला कळू द्या, मगच चालत पुढे व्हा. धपधप पावलांनी मागून आलेल्या माणसाला घोडा बुजतो, आणि त्याच्यावर बहुतेक वेळा एखादं घाबरलेलं लहान मूल बसलेलं असतं. माकडांचं एवढंच की हातात प्लास्टिकची पिशवी नको. खजूर किंवा चिक्की कमरेच्या पट्ट्यात, आणि खायचं ते चालत्या पायाने.

बुटांवर लगेच मोठा खर्च करू नका. कोरड्या दिवसांत तुमचे रस्त्यावरचे बूट चालतील, फक्त तळ झिजलेला नको. ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटेचे बूट, तळाला चार-पाच मिलिमीटरचे दाते असलेले, घ्यायचेच असतील तर पुढच्या पावसाळ्याआधी घ्या. मोजे मात्र लाल होणार, ते कधीच पांढरे होत नाहीत.

हंगामाचं असं. आता ऑक्टोबर आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही. पाऊस ओसरलाय, झाडं धुतल्यासारखी हिरवी आहेत, सकाळी गारवा आहे. फेब्रुवारीअखेरपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा जा. मधल्या रविवारी घराजवळ जिना किंवा पुलाचा चढ पुरतो. मार्चपासून पहाटेची पहिली लोकल धरावी लागेल. जून ते सप्टेंबर मात्र सांभाळून. पावसाळ्यातलं माथेरान वेड लावतं, ढग वाटेवर उतरतात, दहा पावलांपलीकडचं झाड दिसत नाही. पण उघड्या जांभा दगडावर शेवाळ धरतं आणि ते साबणासारखं असतं. मी सहा वर्षांपूर्वी जुलैमध्ये इको पॉइंटच्या वाटेवर, अगदी ओळखीच्या ठिकाणी, कोपरावर पडले. टाके पडले, दीड महिना पळणं बंद. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी तिथे छत्री घेऊन फक्त चालते, आणि जोराच्या पावसाचा इशारा असला तर घाट चढतच नाही. दरड सांगून येत नाही.

एकटीनं जायचं का? तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण विचारायचं असणार. पहिल्या काही वेळा एक मैत्रीण बरोबर घ्या, ती चालली तरी चालेल. तिला लेकपाशी बसवा, तुम्ही लुइझाला जाऊन या. नंतर शनिवार-रविवारी सकाळी सात ते दहा या वेळात मुख्य वाटांवर माणसं असतात, स्थानिक बायका कामावर जात असतात, मी एकटी निर्धास्त जाते. आडबाजूच्या पॉइंटांवर एकटी जात नाही. झाडीत काही ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून किती वाजता परत दस्तुरीला येणार हे घरी सांगून निघते. इतकी वर्षं हे पाळलंय. शेकरू दिसलं म्हणून वाट सोडून आत शिरू नका. उभ्या राहिलात तर ते वरच्या फांदीवर तुमच्यासाठी पुरेसा वेळ थांबतं. तांबूस पाठ आणि झुबकेदार शेपूट, एकदा दिसलं की दिवस सार्थकी लागतो.

फेब्रुवारीपर्यंत दोन तास हसतखेळत जायला लागलात, दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आलात, की मग पुढची पायरी आहे. भिवपुरी रोड स्टेशनावर उतरून डिकसळमार्गे गार्बटच्या पठारावर जाणारी वाट. इथे टॅक्सी नाही, डोंगर स्वतःच चढायचा. वर मोकळं गवताळ पठार, दोन्ही बाजूंना खोरं, आणि शेवटी झाडीतून गार्बट पॉइंटला माथेरानात शिरायचं. ही वाट जाणकार सोबतीशिवाय नको, आणि गवत वाळल्यावर उन्हाचा तडाखा फार, म्हणून फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका. तुमच्या गळ्यात मी आत्ता मुद्दाम ही वाट घालत नाहीये. फक्त ती तिथे आहे हे माहीत असू द्या.

गर्दीच्या आठवड्यात नेरळ जमलं नाही तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता आहे, सहाएक किलोमीटरचा, झाडीतला, शेवटी चांगला चढ. डांबरी आहे, पण चढाच्या सरावाला उत्तम. सोमवारी उद्यान बंद असतं. तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे उजाडल्यावर, रस्ता न सोडता, कानात काही न घालता पळायचं. आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवीची झुडपं तिथे 2016 मध्ये फुलली होती आणि मग 2024 मध्ये. तो जांभळा डोंगर बघायला आता बरीच वर्षं थांबावं लागेल.

आणि सातारा. नाव जरूर घाला. 2015 साली डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून या शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली, आणि गावाचा उत्साह बघितलात तर कारण कळतं. लोक पहाटे दारात उभे राहून टाळ्या वाजवतात, नाव माहीत नसताना "चला ताई, चला" म्हणतात. पण ही झाडीतली पायवाट नव्हे, हे ध्यानात ठेवा. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन फिरायचं, आणि त्याच घाटाने खाली. जेवढं चढलात तेवढं डांबरावर उतरायचं आहे, तेही दमलेल्या मांड्यांनी. तिथे बहुतेकांचे पाय उतरतानाच बोलतात. तुमचे त्या वेळेपर्यंत माथेरानच्या उतारांनी घडवलेले असतील. दोन तास वीस मिनिटांचा हट्ट मात्र घरी ठेवून जा, पहिल्या वर्षी त्याच्यावर पंचवीस-तीस मिनिटं खुशाल धरा. शर्यत कासपर्यंत जात नाही, पण शर्यत सप्टेंबरच्या आसपास असली तर पठारावर फुलांचे दिवस असतात. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात कास आहे. दुसऱ्या दिवशी यजमानांना बरोबर घेऊन आखून दिलेल्या वाटेनं चालत बघून या. त्या फुलांवरून पळायचं नसतं.

यजमानांचं म्हणाल तर, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी तुम्हाला कठडा धरून उतरताना पाहिलंय, काळजी तिथून आलीय. पहिल्या, चालायच्या फेरीला त्यांनाच घेऊन जा. लुइझा पॉइंटवर बसवा, डबा उघडा. परतीच्या वाटेवर त्या शंभर पावलांच्या उताराशी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा, आणि लहान लहान पावलांनी, हात थोडे बाहेर सोडून, त्यांच्यासमोर तो एकदा उतरून दाखवा.

पहिली फेरी झाली की कळवा. प्रबळगड दिसला की धुक्यात होता, तेही लिहा.

तुमची,
ताई